आय-८६४वर सही मागण्याआधी

मुलगी अमेरिकेची नागरिक झाली, तिने आई-बाबांसाठी भरलेला आय-१३०, म्हणजे नातेवाईकाला बोलावण्याचा अर्ज, मंजूर झाला आणि आता नॅशनल व्हिसा सेंटरचा, म्हणजे एनव्हीसीचा ईमेल आला आहे. फी भरा, कागद अपलोड करा, ‘ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट’ जोडा. पाचपाखाडीतल्या, घोडबंदर रोडवरच्या, नेरुळ-खारघरच्या कितीतरी घरांत हा ईमेल येतो तेव्हा सगळ्यांना वाटतं, झालं, आता फक्त कागदांची धावपळ उरली. माझ्या मते खरा विचार करायची वेळ हीच आहे. ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट म्हणजेच फॉर्म आय-८६४. त्यावर सही करणारा माणूस अमेरिकी सरकारशी करार करत असतो आणि तो करार पुष्कळदा आई-बाबांच्या हयातभर चालतो. सही कोण करणार, त्याला ती झेपेल का आणि आपण त्याच्यावर काय टाकतो आहोत, याचा हिशोब आधी घरात बसून करावा, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

कायमचं राहायला येणारा नातेवाईक सरकारी मदतीवर अवलंबून राहू नये, त्याची जबाबदारी त्याला बोलावणाऱ्याने घ्यावी, हा या कराराचा हेतू. अशी हमी पूर्वीही घेत, पण कोर्टात तिला फारसं वजन नव्हतं. १९९६ साली अमेरिकेने कायदा बदलला आणि १९ डिसेंबर १९९७पासून ही हमी कोर्टातून वसूल करता येईल अशी झाली. आपल्याकडे पतपेढीच्या कर्जाला जामीन राहायचं म्हटलं तरी माणूस आठवडाभर विचार करतो. इथेही जामीनच राहायचं आहे. फक्त पतपेढीच्या कागदावर रक्कम आणि मुदत लिहिलेली असते, इथे दोन्ही मोकळी असतात.

आकडा कुठून येतो

अमेरिकेचं आरोग्य खातं दरवर्षी गरिबीची पातळी जाहीर करतं. घरात माणसं किती, त्यावर उत्पन्नाचा आकडा ठरतो. स्पॉन्सरचं, म्हणजे आय-८६४वर सही करणाऱ्याचं, वार्षिक उत्पन्न या पातळीच्या किमान १२५ टक्के हवं. २०२५च्या तक्त्याप्रमाणे दोन माणसांच्या घराला २६,४३७ डॉलर, तिघांना ३३,३१२, चौघांना ४०,१८७, पाच जणांना ४७,०६२ आणि सहा जणांना ५३,९३७ डॉलर लागतात. अलास्का आणि हवाई या दोन राज्यांचे आकडे यापेक्षा जास्त आहेत. तक्ता दरवर्षी बदलतो, म्हणून फॉर्म भरताना आय-८६४पी नावाचं चालू वर्षाचं पान उघडून बघावं. व्हॉट्सॲपवर फिरणारा जुना तक्ता वापरू नये.

लोक चुकतात ते माणसं मोजताना. स्पॉन्सर स्वतः, त्याचा जोडीदार, एकवीस वर्षांखालची अविवाहित मुलं, टॅक्स रिटर्नमध्ये अवलंबून म्हणून दाखवलेली इतर माणसं आणि आता ज्यांना न्यायचं आहे ते, सगळे मोजायचे. शिवाय पूर्वी कुणासाठी आय-८६४ दिला असेल आणि ती जबाबदारी अजून चालू असेल, तर तो माणूसही यात येतो. चार वर्षांपूर्वी सासूबाईंसाठी सही केलेला जावई आज हे विसरलेला असतो. फॉर्म विसरत नाही.

आई आणि बाबा यांचे आय-१३० वेगवेगळे भरावे लागतात, एकाच्या अर्जात दुसरा आपोआप येत नाही. म्हणून आय-८६४ही दोन लागतात. दोघांचे अर्ज बरोबरीने चालले असतील तर दोघांना धरूनच आकडा काढावा, म्हणजे मुलाखतीत ओढाताण होत नाही.

उदाहरण घेऊ. मुलगी न्यू जर्सीत आहे, नवरा आहे, एक लहान मूल आहे. घरात तिघं, त्यात आई-बाबा मिळून पाच. लागणारं उत्पन्न ४७,०६२ डॉलर. मुलगी एका शाळेत नोकरी करते आणि तिला वर्षाला ४०,००० डॉलर मिळतात. कमी पडतात ७,०६२ डॉलर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

उत्पन्न म्हणजे सध्याचं वार्षिक उत्पन्न. गेल्या वर्षीचा टॅक्स रिटर्न हा त्याचा मुख्य पुरावा. आयआरएसकडून, म्हणजे तिकडच्या टॅक्स खात्याकडून, मिळणारा टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट (रिटर्नचा उतारा) फुकट असतो आणि रिटर्नच्या झेरॉक्सपेक्षा तोच द्यावा. नोकरी नुकतीच बदलली असेल आणि पगार वाढला असेल, तर कंपनीचं पत्र आणि गेल्या सहा महिन्यांच्या पे-स्लिप जोडाव्यात. धंदा करणाऱ्यांचं मात्र अवघड होतं. खर्च वजा करून उरलेलाच आकडा इथे धरतात. टॅक्स वाचवायला वर्षानुवर्षं नफा कमी दाखवलेला दुकानदार भाऊ प्रत्यक्षात चांगला कमावता असला, तरी कागदावर तो १२५ टक्क्यांच्या खालीच दिसतो. गरिबांसाठीच्या सरकारी मदतीचे पैसे उत्पन्नात धरत नाहीत. सोशल सिक्युरिटीची पेन्शन धरतात.

कमी पडलं तर

पहिला मार्ग घरातलाच. स्पॉन्सरबरोबर एकाच घरात राहणारा जोडीदार किंवा रक्ताचा, लग्नाचा, दत्तकाचा नातेवाईक आपलं उत्पन्न त्यात मिळवू शकतो. त्यासाठी त्याला आय-८६४ए हा वेगळा फॉर्म सही करून द्यावा लागतो. आपल्या उदाहरणातला जावई अजून एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, असला तरी हे करू शकतो, नागरिकत्वाची अट इथे नाही. त्याचा पगार मिळवला की ७,०६२ डॉलरचा प्रश्न बहुतेक तिथेच मिटतो. पण सही केली की जावईही त्या जबाबदारीत बांधला जातो. म्हणून “अगं, त्यांची सही घेऊन टाक” असं फोनवर परस्पर सांगू नये. जावयाशी आई-बाबांनी स्वतः बोलावं. पुढे एका घरात राहायचं आहे, तर सुरुवात अशी मोकळी झालेली बरी.

दुसरा मार्ग मालमत्तेचा. ठाणे-नवी मुंबईच्या कुटुंबांना तो जवळचा वाटतो, कारण इथे घर आहे, एफडी आहेत, सोनं आहे. नियम असा की जितकं उत्पन्न कमी पडतं त्याच्या पाचपट मालमत्ता दाखवायची. अमेरिकी नागरिक आपल्या नवऱ्याला, बायकोला किंवा अठरा वर्षांवरच्या मुलाला नेत असेल तर तिप्पट पुरते. आपल्या उदाहरणात ७,०६२च्या पाचपट म्हणजे ३५,३१० डॉलर. डॉलर ८८ रुपयांचा धरला तर साधारण ३१ लाख रुपये. आणि ही मालमत्ता मुलीचीच असायला हवी असं नाही, बाबांच्या स्वतःच्या नावावरची एफडीही चालते. हे अनेकांना माहीत नसतं आणि ते उगाच दूरच्या भाच्याच्या मागे लागतात.

पण प्रत्येक मालमत्ता धरता येत नाही. वर्षभराच्या आत, फार हाल न होता रोख करता येईल तीच धरायची. कागदांवरून पाच गोष्टी कळायला हव्यात: मालमत्ता कुठे आहे, कोणाची आहे, कधी घेतली, आज किंमत किती, त्यावर बोजा किती.

एफडी आणि बचत खातं सगळ्यात सोपं. बँकेच्या शिक्क्याचं पत्र आणि बारा महिन्यांचं स्टेटमेंट घ्यावं. मुलाखतीच्या दोन महिने आधी कुणीतरी एकदम वीस लाख टाकले असतील तर अधिकारी ते कुठून आले हे विचारणारच. पीपीएफची मुदत संपलेली नसेल तर ती रक्कम धरू नये असं माझं मत. सोन्याला मूल्यांकन लागतं आणि दागिने आई खरोखर मोडणार आहे का, हाही प्रश्न आहेच.

फ्लॅटचं बघू. नौपाड्यातला दोघांच्या नावावरचा, कर्ज फिटलेला, इंडेक्स टू आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट हातात असलेला फ्लॅट असेल, तर सरकारमान्य व्हॅल्युअरचा रिपोर्ट जोडून तो दाखवता येतो. पण तोच फ्लॅट आजोबांच्या नावावर असेल आणि काका-आत्यांची नावं अजून वारस म्हणून लागायची असतील, तर तो अख्खा आपला म्हणून दाखवता येत नाही. आपला हिस्सा कागदावर ठरलेला नसेल तर तो शून्यच समजावा. ठाण्यात जुन्या इमारतींचं रीडेव्हलपमेंट जोरात आहे. इमारत पाडलेली, बिल्डरकडून भाडं चालू आणि हातात फक्त ॲग्रीमेंट, अशा स्थितीत वर्षभरात विक्री होईल हे दाखवणं फार कठीण. नवी मुंबईत सिडकोच्या लीजवरच्या जमिनीवर घर असेल तर हस्तांतराची परवानगी आणि शुल्क यांचा वेळ-खर्चही हिशोबात घ्यावा. आणि फ्लॅट विकून पैसे दाखवायचे म्हणताना आई-बाबांना परत यावंसं वाटलं तर कुठे राहणार, हे त्या फॉर्ममध्ये कुणी विचारत नाही. ते घरातल्यांनी विचारायला हवं.

भारतातले पैसे अमेरिकेत नेता येतात हेही पटवावं लागतं. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली, म्हणजे एलआरएसखाली, भारतात राहणाऱ्या एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. आई आणि बाबा दोघं धरले तर पाच लाख. कायमचं तिकडे गेल्यावर ते अनिवासी होतात, मग बँकेतली खाती एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांची, करावी लागतात आणि तिथून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेण्याची सोय आहे, सीएच्या प्रमाणपत्रासह. मर्यादा पुरेशी आहे, पण बँकेच्या मॅनेजरला आधी भेटून कोणते कागद लागतील ते विचारून ठेवावं.

दुसऱ्याला जामीन राहायला सांगणं

तिसरा मार्ग जॉइंट स्पॉन्सरचा. मुलीचं उत्पन्न पुरत नाही, घरात मिळवणारं दुसरं कुणी नाही, मालमत्ताही बसत नाही, अशा वेळी अमेरिकेत राहणारा कुणीही नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक वेगळा आय-८६४ देऊ शकतो. तो नातेवाईक असलाच पाहिजे असं नाही. ऑफिसमधला मित्रही चालतो.

इथे दोन गैरसमज मला सतत भेटतात. पहिला, की दोघांचं उत्पन्न मिळून आकडा गाठायचा. तसं नाही. जॉइंट स्पॉन्सरने एकट्याच्या बळावर १२५ टक्के गाठावे लागतात, आणि तेही स्वतःच्या घरची माणसं अधिक नेली जाणारी माणसं धरून. त्याच्या घरात चौघं असतील तर आपल्या आई-बाबांसकट सहा, म्हणजे त्याला ५३,९३७ डॉलर दाखवावे लागतील. दुसरा गैरसमज, की जॉइंट स्पॉन्सर मिळाला म्हणजे मुलीची सुटका झाली. मुलीला तिचा आय-८६४ द्यावाच लागतो, उत्पन्न शून्य असलं तरी. आणि जबाबदारी दोघांवरही राहते.

आपल्याकडे ही सही कशी मागितली जाते ते मी पुष्कळदा ऐकलं आहे. मावशी भाच्याला फोन करते: “अरे, नुसती सही हवीय रे. तुला एक पैसा द्यायचा नाहीये. माझी मुलगीच सगळं बघणार आहे.” भाचा नाही म्हणू शकत नाही. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच मावशीकडे राहिलेला असतो. मावशी खोटं बोलत नसते, तिला खरंच तसं वाटत असतं. पण त्या सहीने भाच्यावर काय येतं, ते सांगायलाच हवं.

आलेल्या माणसाचं उत्पन्न गरिबीच्या पातळीच्या १२५ टक्क्यांखाली गेलं, तर तेवढ्या पातळीपर्यंत त्याला सांभाळायची जबाबदारी स्पॉन्सरची. सांभाळलं नाही तर तो माणूस कोर्टात दावा लावू शकतो. त्याने गरिबांसाठीच्या काही सरकारी योजनांचा लाभ घेतला, तर ती सरकारी संस्था स्पॉन्सरकडून पैसे मागू शकते. असे दावे जास्त करून घटस्फोटानंतर झाले आहेत, कारण घटस्फोटाने ही जबाबदारी संपत नाही. २०१२ साली लिऊ विरुद्ध मंड या खटल्यात सातव्या सर्किटच्या अपील कोर्टाने तर असंही म्हटलं की, स्पॉन्सरकडून आधार मागणाऱ्या व्यक्तीने स्वतः नोकरी शोधलीच पाहिजे अशी अट या करारात नाही. आई-बाबा आपल्या भाच्यावर दावा लावणार नाहीत, हे मान्य. पण मुलीची नोकरी गेली, बाबांना मोठं आजारपण आलं आणि हॉस्पिटलच्या बिलांनी घर वाकलं, तर हा कागद भाच्याच्या नावावर आहेच.

आणि ही जबाबदारी संपते कधी? आलेला माणूस अमेरिकेचा नागरिक झाला की संपते. त्याच्या खात्यावर ४० तिमाहींचं काम जमा झालं की संपते, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी. तो मरण पावला किंवा स्पॉन्सर मरण पावला तर संपते, जरी तोवर झालेलं देणं राहू शकतं. किंवा ग्रीन कार्ड सोडून तो अमेरिकेबाहेर गेला तर संपते. निवृत्त आई-बाबा तिकडे दहा वर्षं नोकरी करणार नाहीत. नागरिकत्व पाच वर्षांनी मागता येतं, पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, आणि भारतीय पासपोर्ट परत करायचा म्हटलं की अनेकांचा हात थांबतो, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना ओसीआय कार्ड मिळत असलं तरी. इंग्रजी परीक्षेची भीतीही असते. तिथे एक सवलत आहे: वय ५५ पूर्ण आणि ग्रीन कार्डवर १५ वर्षं, किंवा वय ५० आणि २० वर्षं झाली असतील तर इंग्रजीची परीक्षा माफ होते आणि नागरिकशास्त्राची मुलाखत दुभाष्यामार्फत मराठीत देता येते. म्हणजे साठीत गेलेल्या माणसाला त्यासाठीही पंच्याहत्तरी गाठावी लागते. तोवर सही केलेला भाचा बांधलेला.

माझा आग्रह एवढाच. भाच्याला हे सगळं आधी सांगावं, त्याच्या बायकोसमोर सांगावं, आणि आठ दिवस द्यावेत. व्हिसा निघेपर्यंत त्याला सही मागे घेता येते, ग्रीन कार्ड मिळाल्यावर नाही. शिवाय उद्या त्याला स्वतःच्या आईला न्यायचं झालं, तर आपले आई-बाबा त्याच्या माणसांच्या मोजणीत येतील. हेही त्याला सांगा. एवढं ऐकून जो हो म्हणतो, त्याची सही घ्यावी. जो नाही म्हणतो, त्याच्यावर रुसू नये.

तिकडे जन्मलेली मुलं

ठाण्यात आणि विशेषतः खारघर, सीवूड्सकडे एक वेगळी परिस्थिती दिसते. नवरा-बायको एच-वन-बीवर काही वर्षं अमेरिकेत होते, तिथे मूल झालं आणि मग सगळे परत आले. मूल जन्माने अमेरिकी नागरिक. आता ते एकविसाचं होतं आणि घरात बोलणं निघतं की हा आपल्याला नेईल. एकवीस वर्षांच्या नागरिकाला आई-बाबांसाठी अर्ज करता येतो, हे खरं. ग्रीन कार्डधारकाला आई-बाबांसाठी करता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

अडचण आय-८६४ची. स्पॉन्सरचं वास्तव्य अमेरिकेत हवं. मुलगा ठाण्यात कॉलेजात शिकतो आहे आणि खिशात अमेरिकेचा निळा पासपोर्ट आहे, एवढ्याने भागत नाही. तो आई-बाबांच्या आधी किंवा निदान त्यांच्याबरोबर तिकडे राहायला जातो आहे, हे कागदांनी दाखवावं लागतं: तिकडचं बँक खातं, भाड्याच्या घराचा करार, नोकरीचं ऑफर लेटर, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार नोंदणी. उत्पन्न नसल्याने जॉइंट स्पॉन्सर जवळजवळ नक्कीच लागतो, म्हणजे पुन्हा मावशी आणि भाचा.

टॅक्सचाही प्रश्न आहे. अमेरिकी नागरिक जगात कुठेही राहिला तरी त्याला अमेरिकी टॅक्सचे नियम लागू होतात. ठाण्यात नोकरी करणाऱ्या अशा मुलाचं उत्पन्न मर्यादेच्या वर असेल, तर त्याने तिकडे रिटर्न भरायला हवा होता. भरला नसेल तर आधी मागचे रिटर्न भरावेत, मग आय-८६४ला हात लावावा. उत्पन्न मर्यादेखाली असेल तर तसं लेखी स्पष्टीकरण जोडावं. एकवीसच्या वाढदिवसाची वाट बघणाऱ्या घरांनी दोन-तीन वर्षं आधीच मुलाला तिकडे शिकायला किंवा नोकरीला पाठवायचं का, हा विचार केला तर पुढचं बरंच सोपं जातं.

भावंडांच्या अर्जांचा मार्ग लांबचा आहे. २०२५मध्ये भारतीयांसाठी भाऊ-बहीण या वर्गात २००६ सालच्या अर्जांवर काम चालू होतं. तेव्हा अर्ज करणारा भाऊ आज निवृत्त असू शकतो, त्याचं उत्पन्न घटलेलं असू शकतं. तो हयात नसेल तर अर्ज जिवंत ठेवण्याची विनंती यूएससीआयएस या अमेरिकी इमिग्रेशन खात्याकडे करावी लागते, आणि जवळच्या ठरावीक नात्यातल्या कुणीतरी त्याच्या जागी स्पॉन्सर व्हावं लागतं. अशा घरांनी रांग जवळ आल्यावर नाही, आत्ताच भावाशी बोलून घ्यावं.

व्हिजिटर व्हिसाचा इथे घोळ करू नका. सहा महिने नातवंडांकडे जाऊन येण्यासाठी आय-८६४ लागत नाही, तिथे जास्त महत्त्व तुम्ही परत येणार याला असतं. कॅनडा आणि इंग्लंडचे नियमही वेगळे आहेत. कॅनडात आई-बाबांची जबाबदारी वीस वर्षांची, क्युबेकमध्ये दहा, आणि तीन वर्षांचं उत्पन्न बघतात. तिथला सुपर व्हिसा एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू देतो, पण किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा मागतो. इंग्लंडमध्ये नवऱ्याला किंवा बायकोला बोलावण्यासाठी एप्रिल २०२४पासून वर्षाला २९,००० पौंडांचं उत्पन्न लागतं.

आकडा गाठला, पुढे काय

१२५ टक्के म्हणजे कागद पास व्हायची किमान रेषा. तेवढ्या पैशांत वयस्कर आई-बाबांचं तिकडचं आयुष्य चालत नाही, आणि सगळ्यात मोठं कारण आरोग्य. पासष्टीच्या पुढच्या ग्रीन कार्डधारकालाही, त्याचं किंवा जोडीदाराचं तिकडे पुरेसं काम झालेलं नसेल तर, सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर, म्हणजे वयस्करांचा सरकारी आरोग्य विमा, विकत घेता येत नाही. गरिबांसाठीच्या मेडिकेडलाही बहुतेकांना पाच वर्षांची आडकाठी आहे, तातडीचा उपचार सोडून. म्हणजे पहिली पाच वर्षं खासगी विमा. बाबांना मधुमेह आहे, आईची अँजिओप्लास्टी झाली आहे, तर त्या विम्याचा हप्ता आय-८६४च्या हिशोबाशेजारीच लिहून ठेवा. व्हिसा अधिकारीही फक्त तक्ता बघत नाही. वय, तब्येत, शिक्षण, मालमत्ता हे सगळं कायद्याने त्याला बघावं लागतं. म्हणून उत्पन्न रेषेच्या अगदी वर असेल तर आई-बाबांची पेन्शन, एफडी आणि घेणार असलेला विमा यांचे कागदही फाइलमध्ये असू द्यावेत.

कागदांबद्दल थोडं. आय-८६४ नोटरी करावा लागत नाही, त्यासाठी ठाणे कोर्टाबाहेर उभं राहायची गरज नाही. पण सही पेनाने केलेली हवी, नाव टाइप केलेलं चालत नाही. एनव्हीसीला व्हिसा अर्जाची फी दर माणशी ३२५ डॉलर आणि आय-८६४ तपासणीची १२० डॉलर. मराठी कागद असतील तर इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या लेखी हमीसह. मुलाखत बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये, आणि तोवर नवं टॅक्स वर्ष सुरू झालं असेल तर ताजा ट्रान्स्क्रिप्ट मागतात. तो मुलीकडून आधीच मागवून ठेवा. काही कमी पडलं तर २२१(जी)ची चिठ्ठी मिळते, ती बघून घाबरू नये. चिठ्ठीवर लिहिलेला कागद दिला की फाइल पुढे सरकते.

तिकडे पोहोचल्यावर स्पॉन्सरचीही एक जबाबदारी चालू राहते आणि ती हमखास राहून जाते. स्पॉन्सरने घर बदललं की तीस दिवसांत आय-८६५ भरून नवा पत्ता कळवायचा. नाही कळवला तर २५० ते २,००० डॉलर दंड होऊ शकतो. जॉइंट स्पॉन्सर भाच्यालाही हे लागू आहे.

आणि दोन थंडीनंतर आई-बाबा परत आले तर? असं खूप होतं. तिकडचा एकांत सोसत नाही, इथे तलावपाळीची संध्याकाळ आणि ओळखीचे डॉक्टर असतात. सहा-सहा महिने इकडे-तिकडे राहून कार्ड टिकवायचा प्रयत्न करणाऱ्यांना विमानतळावर प्रश्न विचारले जातात, आणि वर्षाच्या वर बाहेर राहायचं असेल तर निघण्यापूर्वी री-एंट्री परमिटचा अर्ज करावा लागतो. कायमचं परत यायचं ठरलं तर कार्ड कपाटात ठेवून गप्प बसू नये. आय-४०७ भरून ग्रीन कार्ड रीतसर सोडावं. तेव्हा मुलीची आणि भाच्याची पुढची जबाबदारी कागदोपत्री थांबते. त्या आय-४०७ची एक प्रत आठवणीने भाच्यालाही पाठवावी.